कर्नलची रील

घड्याळं एक तास मागे गेली की माझं डोकं फिरतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी अख्खा जर्मनी एक तास जास्त झोपतो आणि त्याबद्दल दिवसभर एकमेकांचं कौतुक करतो. मी सकाळपासून भांडायला माणूस शोधत असते. नवऱ्याला, म्हणजे अभयला, हे आता पाठ झालंय. तो त्या दिवशी मुकाट्याने सगळी घड्याळं लावतो, स्वतःचा चहा स्वतः करतो आणि माझ्या वाटेला जात नाही.

संध्याकाळी पाचला अंधार. सकाळी आठला धुकं. मध्ये जो काय उजेड मिळतो, त्यात नगरपालिकेची माणसं पाठीला इंजिन बांधून ओली पानं या फुटपाथवरून त्या फुटपाथवर उडवत असतात. उद्या वारा ती परत इकडे आणतो. दुकानांत लाल भोपळ्यांचे ढीग लागतात आणि प्रत्येक जर्मन बाईला वाटतं की भोपळ्याचं सूप तिनेच शोधून काढलंय. लोक म्हणतात शरद ऋतू किती सुंदर, टाउनुसचे डोंगर बघा कसे सोनेरी झालेत. झाले असतील. ती सोनेरी पानं मी सात वर्षं खराट्याने झाडली आहेत, दुसऱ्याच्या अंगणातली, त्यामुळे मला त्यांचं सोनं दिसत नाही. ओलं वजन आठवतं.

तेव्हा आम्ही बाड हॉम्बुर्गला राहायचो. दुमजली घर, खाली घरमालक, वर आम्ही. मालकाचं नाव हेर वीगांट, हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत; भूगोलाचे निवृत्त मास्तर. अंगणात एक मोठं मेपलचं झाड, आणि भाडेकराराच्या नवव्या कलमानुसार त्याची पानं झाडायची जबाबदारी वरच्या मजल्याची.

ते घर आम्हाला मिळालं ते माझ्या व्हायोलिनमुळे. फ्रँकफर्टच्या आसपास घर शोधलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. जिन्यावर तीस-चाळीस जोडपी, प्रत्येकाच्या हातात पगाराच्या पावत्यांची फाईल, चेहऱ्यावर वधूपरीक्षेला आल्यासारखं हसू. हेर वीगांटनी प्रत्येकाला विचारलं, फावल्या वेळात काय करता. सगळे म्हणत होते, डोंगर चढतो. अभयही म्हणाला डोंगर चढतो; त्याला पर्वतीच्या पायऱ्यांवर धाप लागते. मी म्हटलं, व्हायोलिन वाजवते. माणसाचे डोळे लकाकले. खाली जाऊन स्वतःचं व्हायोलिन घेऊन आला आणि म्हणाला, वाजवा.

मी मिरजेची. आमच्याकडे व्हायोलिन उभ्याने वाजवत नाहीत. मी त्या रिकाम्या खोलीत, लाकडी जमिनीवर, तीस-चाळीस जोडप्यांसमोर मांडी ठोकली, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवलं आणि पहाडीतली एक धून वाजवली. तीन वर्षांची रेवा, माझी मुलगी, अभयच्या कडेवर झोपली होती. धून संपली आणि हेर वीगांट म्हणाले, घर तुमचं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. इतक्या सहजासहजी जे मिळतं, त्याची दोरी कुणाच्या तरी हातात असते.

दोरी दर गुरुवारी संध्याकाळी ओढली जायची. हेर वीगांट एका स्कॉटिश नृत्यमंडळाचे प्रमुख होते. त्यांच्या सात पिढ्यांत स्कॉटलंडशी कुणाचा संबंध नव्हता. एकदा सुट्टीला गेले होते, तेवढंच. पण जर्मन माणूस एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की ती गोष्ट पळून तरी कुठे जाणार? चर्चच्या सभागृहात वीसेक माणसं, पुरुष गुडघ्यापर्यंतच्या चौकड्याच्या घागऱ्यांत, बायका खांद्यावर पट्टे टाकून, समोरासमोर रांगा करून नाचायची. त्यांचा वाजवणारा गाव सोडून गेला होता. मग काय, वरचा मजला होताच.

तिथे मी रील शिकले. रील म्हणजे हल्ली अंगठ्याने सरकवतात ती नव्हे. ही स्कॉटलंडची जुनी नाचाची चाल, दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा, आणि पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे झाला, म्हणजे ते द्रुत लयीतलं वाजवणं, शेवटी येतो, इथे झाल्यापासूनच सुरुवात आणि झाल्यातच शेवट. श्वास घ्यायला जागा नाही. माझा हात मिंडेचा, लांब गज ओढायची सवय. इथे एकाच सुरावर गजाचे तीन झटके, मोहरी तडतडल्यासारखे, आणि पुढे. त्यातून खुर्चीत बसायचं. पहिले सहा महिने माझी मान धरून यायची. पण खोटं कशाला बोलू, नंतर मजा यायला लागली. ओल्या लोकरीचा वास, जमिनीच्या पॉलिशचा वास, गजाला लावलेल्या राळेची नाकात जाणारी पांढरी भुकटी, आणि वीस माणसांचे पाय माझ्या हातावर चालताहेत. ऑफिसात मी सॉफ्टवेअरमधले दोष शोधते. दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढून आलेल्या बाईला तेवढा एक तास देवाने दिल्यासारखा वाटायचा.

आणखी एक गंमत होती, जी मला तेव्हा गंमत वाटली. मंडळात सगळे एकमेकांना अरे-तुरे करायचे, तशी पद्धतच होती. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी तो माझा योखेन असायचा, मी त्याला "तू" म्हणायचे. सभागृहाचं दार बंद झालं की परत हेर वीगांट आणि "आपण". एकाच गाडीतून घरी यायचो. जाताना तू, येताना आपण.

त्याची सगळ्यात लाडकी चाल कर्नलची रील. प्रत्येक कार्यक्रमात तो ती शेवटी ठेवायचा, आणि आधी छातीवर हात ठेवून तिची पूर्वपीठिका सांगायचा. एका खोऱ्यात एक कर्नल राहायचा, सगळी जमीन त्याची. संगीताचा इतका शौकीन, की डंकन नावाच्या गरीब फिडलरला, म्हणजे व्हायोलिनवाल्याला, त्याने घर दिलं, छप्पर दिलं. त्या उपकाराची फेड म्हणून डंकनने ही रील बांधली आणि तिला धन्याचं नाव दिलं. "छप्पर" म्हणताना योखेन हमखास माझ्याकडे बघायचा. लोकही बघायचे, मग मी हसायचे. सात वर्षं हसले. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या वर्षी घड्याळं मागे गेली त्याच आठवड्यात दारावर पोस्टवाली आली. आइनश्राइबन होतं, म्हणजे सही घेऊन हातात द्यायचं पत्र. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, पाठवणाऱ्याचा पत्ताही हाच आहे की. हाच होता. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर यायला त्या पत्राने पोस्टाचा हमरस्ता घेतला होता. मी सही करत होते तेव्हा हेर वीगांट खाली अंगणात गुलाबाच्या मुळांवर पालापाचोळा घालत होते. मीच सकाळी झाडून ठेवलेला पाला.

आइगनबेडार्फ. घर स्वतःच्या गरजेसाठी हवंय. मुलगी हांबुर्गहून परत येते आहे, तिला राहायला वरचा मजला लागेल, तरी कायद्यानुसार सहा महिन्यांत, एप्रिलअखेर, घर मोकळं करावं ही विनंती. सन्माननीय बाईसाहेब, सन्माननीय महोदय, मैत्रीपूर्ण शुभेच्छांसह.

कायदा त्याच्या बाजूने होता, हे मला मान्य आहे. स्वतःच्या लेकीला घर देणं हा काही गुन्हा नाही. पण जिना चढायला सोळा पायऱ्या होत्या हो. सात वर्षं त्याच जिन्यावरून माझे घारगे खाली गेले आणि त्याचे सफरचंदाचे केक वर आले. सोळा पायऱ्या चढून तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही या माणसाला. गरज सरो, वैद्य मरो, पण वैद्याला निदान स्मशानापर्यंत तरी पोचवायला याल की नाही?

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला आणि शांतपणे म्हणाले, "याचा संगीताशी काहीही संबंध नाही हं." आणि लगेच गुरुवारी, सभागृहात, योखेन होऊन, माझा खांदा थोपटून म्हणाला की तुला एक मान द्यायचाय. नोव्हेंबरच्या शेवटी मंडळाचा वार्षिक सोहळा होता, त्याच दिवशी त्याची सत्तरी. या वेळी कर्नलच्या रीलची पूर्वपीठिका त्याच्याऐवजी मी सांगावी. फिडलरच्या तोंडून फिडलरची गोष्ट. किती छान दिसेल.

मी हो म्हटलं. का म्हटलं, तर अभयने आधीच सांगून ठेवलं होतं. नवीन घर मिळवायचं तर जुन्या घरमालकाचं पत्र लागतं, की ही माणसं चांगली, शांत, नीटनेटकी आहेत. त्या पत्राशिवाय फ्रँकफर्टमध्ये कुणी दारात उभं करत नाही. अभय समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, पत्र हातात पडेपर्यंत तोंडाला कुलूप लाव. नंतर काय हवं ते बोल त्याला." त्याचंही चुकत नव्हतं. रेवाची शाळा, एप्रिलपर्यंतची मुदत, आणि आमचं आडनाव ऐकून फोन ठेवणारे घरमालक. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पण दोष काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. जे लोकांसमोर सांगायचं ते तपासल्याशिवाय मी सांगत नाही. आणि त्याच्याही आधी, मिरजेच्या बाईंची शिकवण. बाई म्हणजे मला व्हायोलिन शिकवणाऱ्या. त्यांच्याकडे नियम होता, चीज वाजवायच्या आधी ती कुणाची ते सांगायचं. ज्याने बांधली त्याचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, त्यात कमीपणा नाही. "खोट्या नावाने वाजवलेली चीज हातातून निघून जाते," असं त्या म्हणायच्या. आम्ही पोरी मागे हसायचो. कानाच्या पाळीला हात मात्र आपोआप जायचा, अजून जातो.

तर मी शोधायला बसले. नोव्हेंबरचे दिवस, खिडकीबाहेर धुकं, कढईत घारगे, आणि टेबलावर लॅपटॉप. चौथ्या की पाचव्या दिवशी सापडलं. त्या खोऱ्यातल्या एका शाळामास्तरने जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी वहीत उतरवून ठेवल्या होत्या आणि तिथल्या कुठल्याशा छोट्या वाचनालयाने ती वही पानापानाने इंटरनेटवर चढवली होती. हस्ताक्षर किरटं. मी मोठं करकरून वाचलं.

कर्नलला खोऱ्यात मेंढ्या पाळायच्या होत्या. त्या काळी त्या मुलखात हेच चाललं होतं, माणसं हलवायची आणि मेंढ्या आणायच्या. गावाला नोटिसा गेल्या. माणसं निघाली की घराचं आढं पेटवून द्यायचे. त्या भागात झाडं कमी, छपराचं लाकूड म्हणजे घराचा जीव. आढं राहिलं तर लोक तेच खांद्यावर घेऊन दुसरीकडे घर उभं करतील, किंवा परत येतील. म्हणून जाळायचं. डंकनचं घर तेवढं ठेवलं होतं, कारण सुगीनंतर कर्नलकडे मोठा नाच होता आणि नाचाला फिडलर लागणार. डंकनने उभं राहून रात्रभर वाजवलं. ही रील त्याने तिथेच पहिल्यांदा वाजवली. कर्नलने विचारलं, चालीचं नाव काय. त्या काळची रीतच होती, चालीला धन्याचं नाव द्यायचं. डंकन म्हणाला, आपलंच. दोन दिवसांनी त्याचंही आढं पेटवलं.

छापील पुस्तकात नाव गेलं कर्नलचं. पण मास्तरने पुढे लिहिलं होतं, की आमच्या भागात या चालीला ते नाव कुणी घेत नाही. आमच्याकडे ही "घराचं आढं" म्हणून ओळखली जाते, आणि लग्नात वाजवत नाहीत. कुणी घर सोडून निघालं की वाजवतात.

मी लॅपटॉप मिटला. वर आमच्या छताकडे बघितलं. घारगा करपला.

रेवा तेव्हा नऊ-दहा वर्षांची. वास आला म्हणून स्वयंपाकघरात आली, तर तिला मी सगळी गोष्ट सांगितली. मी मराठीत सांगायचे, ती जर्मनमध्ये विचारायची. डंकन का वाजवत राहिला, म्हणाली. मी म्हटलं, कारण घर हातात होतं तोवर आशा होती. मग त्याने खोटं नाव का दिलं? मी म्हटलं, त्याच कारणासाठी. तिने करपलेला घारगा खाऊन टाकला.

सोहळ्याच्या संध्याकाळी सभागृहात शंभरेक माणसं असतील. बाहेर बारीक पाऊस, आत मेणबत्त्या, लाल वाइन गरम करून त्यात लवंग-दालचिनी घातल्याचा वास. हेर वीगांटची हांबुर्गची मुलगीही आली होती, दमलेली, सतत फोन बघणारी. योखेनने मला पुढे बोलावलं. मी उभी राहिले. अभय तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे असा बघत होता, की त्याच्या नजरेतलं कुलूप मला दिसत होतं.

आणि मी सांगितली गोष्ट. त्याची गोष्ट. कर्नल, त्याचं संगीतप्रेम, गरीब फिडलर, घर, छप्पर, उपकाराची फेड. जर्मन माझं चांगलं आहे, त्या दिवशी जरा जास्तच चांगलं झालं. फक्त डंकनचं नाव घेताना हात आपोआप कानाच्या पाळीला गेला. तेवढाच माझा खरेपणा. लोकांना तो भारी आवडला. कुणीतरी विचारलं, हे काय. मी म्हटलं, आमच्याकडे आदर दाखवायची पद्धत. टाळ्या पडल्या. मी खाली उतरले तर रेवा समोर. तिने माझी बाही ओढली आणि कुजबुजली, "ममा, दास श्टिम्ट डोख गार निश्त." हे खरं नाहीच आहे मुळी.

मी खुर्चीत बसले आणि गज उचलला.

त्या दिवशी मी जशी वाजवली तशी ती रील पुन्हा वाजवणार नाही. रागाने वाजवली. नाचणाऱ्यांचं असं असतं, वाजवणारा थांबल्याशिवाय त्यांना थांबता येत नाही. पहिल्या फेरीला नेहमीची लय. दुसऱ्या फेरीला थोडी चढवली. चौथ्या फेरीला बायका हसायला लागल्या, पाचव्याला हसणं थांबलं. योखेन पहिल्या जोडीत होता. सत्तर वर्षांचा माणूस, तोंड लालबुंद, मोजे घसरलेले, आणि मी गजाचे तीन-तीन झटके त्याच्या पायांवर मारत होते. नाच, म्हटलं मनात. नाच आता. पड. हो, पड असंच म्हटलं, आज लपवून काय करू? आठवी फेरी संपवून मी गज उचलला. सभागृहात क्षणभर फक्त धापा ऐकू आल्या.

मग योखेन दोन्ही हात वर करून ओरडला, "नोख आइनमाल!" पुन्हा एकदा.

सगळ्या सभागृहाने उचलून धरलं. मला पुन्हा वाजवावी लागली. नंतर तो माझ्याकडे आला, घामाने निथळत, डोळ्यांत पाणी, आणि मला मिठी मारून म्हणाला की आयुष्यात असा नाचलो नव्हतो, याहून मोठी भेट कुणी दिली नाही. त्याच्या सदऱ्याला साबणाचा आणि लवंगेचा वास येत होता. मी मिठीत ताठ उभी होते. बळी तो कान पिळी, आणि वर कान पिळवून घेतल्याबद्दल शाबासकीही देतो.

नोटीस अर्थातच मागे घेतली नाही. पत्र मात्र दिलं. दोन पानी, मनापासून लिहिलेलं. शांत आणि नीटनेटकी माणसं हे एका ओळीत, आणि उरलेली पावणेदोन पानं माझ्या व्हायोलिनवर. कशी रोज संध्याकाळी वाजवते, कसा आवाज खालच्या मजल्यापर्यंत भरून येतो, कसं घर जिवंत होतं. त्या पत्राच्या प्रती आम्ही नऊ घरमालकांना दिल्या. नऊ जणांनी ते वाचलं, आणि नऊ जणांनी कळवलं की क्षमस्व. रोज संध्याकाळी खालच्या मजल्यापर्यंत भरून येणारा आवाज कुणाला हवाय?

ज्या कागदासाठी मी शंभर माणसांसमोर खोटं बोलले, तो कागद आम्हाला एकही दार उघडून देऊ शकला नाही. दहाव्या ठिकाणी, फ्रँकफर्टमध्ये, अभयने पत्र फाईलमधून काढून टाकलं. तिथल्या घरमालकिणीने विचारलं, घरात कुणी काही वाजवतं का. अभय म्हणाला, छे. घर मिळालं. सहावा मजला, पातळ भिंती. व्हायोलिन कपाटावर गेलं ते तिथेच आहे. कधी रविवारी दुपारी सगळी इमारत फिरायला गेली की काढते, आवाज दबावा म्हणून तारांवर रबर बसवते आणि हळू आवाजात बाईंच्या चिजा वाजवते. कर्नलची रील नाही वाजवत. दोन-तीनदा प्रयत्न केला. पहिला भाग येतो आणि दुसऱ्याच्या तोंडाशी हात अडतो. बाई म्हणायच्या ते हसण्यावारी नेलं होतं आम्ही.

दर नोव्हेंबरला एकदा मी एस-बान पकडून बाड हॉम्बुर्गला जाते. अभयला सांगते, तिथल्या दुकानात नाचणीचं पीठ मिळतं. मिळतं, पण ते फ्रँकफर्टलाही मिळतं. मी त्या गल्लीतून चालत जाते आणि समोरच्या फुटपाथवरून वरच्या मजल्याकडे बघते. सहा वर्षं झाली, वरच्या मजल्याचे रोलाडेन, ते खिडकीवरचे पत्र्याचे पडदे, खाली ओढलेले आहेत. मुलगी हांबुर्गहून आलीच नाही. शेजारीण सांगत होती, तिचा येण्याचा विचार फार काळ टिकला नाही. आणि मालकांना म्हणे आता डोक्यावर पावलांचा आवाज सोसत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ओलीचा डाग वाढत चाललाय. मेपलची पानं अंगणात तशीच कुजलेली. कर्नलच्या खोऱ्यात निदान मेंढ्या तरी आल्या.

दर ऑक्टोबरला हेर वीगांटची मेल येते. "प्रिय" अशी सुरुवात, आणि मजकूर अरे-तुऱ्याचा. म्हणजे योखेनच लिहितो, गुरुवार असो नसो. मंडळाला अजून फिडलर मिळाला नाही, रेकॉर्डवर नाचतो, या वर्षी तरी ये. मी उत्तर देत नाही. या वर्षीच्या मेलमध्ये एक लिंक होती. आमच्या नव्या वेबसाईटवर तुझी गोष्ट टाकली आहे, आणि एक व्हिडिओ. बघ, तुला आनंद होईल.

रेवा शेजारी बसली होती. आता सोळा वर्षांची, माझ्याहून उंच. आम्ही दोघींनी मिळून बघितलं. त्याच सभागृहात रांगा करून उभे असलेले लोक, योखेन आता काठी घेऊन बाजूला. कुणीतरी जाहीर करतं, कर्नलची रील. आणि "कर्नल" या शब्दासरशी वीसच्या वीस माणसं, एका वेळी, कानाच्या पाळीला हात लावतात.

खाली लिहिलं होतं की दयाळू कर्नलच्या आदरार्थ ही प्राचीन पद्धत, आमच्या भारतीय फिडलरने सांगितल्याप्रमाणे. त्याखाली माझं भाषण, शब्द न् शब्द. रेवाने फोनवर शोधून दाखवलं, आणखी दोन गावांच्या मंडळांनी तेच उतरवून घेतलं होतं. एकाने तर "परंपरेनुसार" असं वर जोडलं होतं.

त्या माणसाने माझं घर घेतलं, ते मी सहा वर्षं उगाळत बसले. पण डंकनने निदान तोंडात खरं नाव ठेवलं होतं, लोकांनी ते जपलं होतं, मास्तरने वहीत उतरवलं होतं. आणि मी, बाईंची शिष्या, कानाची पाळी धरून त्याच्या घर जाळणाऱ्याला संत करून बसले. पुढे कुणी या रीलची पूर्वपीठिका शोधली तर त्याला मी सापडणार. वळचणीचं पाणी आढ्याला चढवलं मी.

रेवा म्हणाली, "श्राइब एस डोख." लिही ना मग. आणि थांबून, मोडक्या मराठीत, "तुला आता लेटर नको आहे त्याचा."

अभय दारात उभा होता. त्याचं म्हणणं असं, की आता कशाला, म्हातारा सत्तरी ओलांडून किती पुढे गेलाय, सोडून दे. पण त्या दिवशी घड्याळं मागे गेली होती. त्याला कळलं असावं, कारण तो आत जाऊन चहा करायला लागला.

मी हाताने लिहिलं, जर्मनमध्ये, दोन पानं. मास्तरच्या वहीतलं सगळं. पहिलं वाक्य असं: या रीलला ज्या माणसाचं नाव आहे, त्याने ती बांधणाऱ्याचं घर जाळलं, आणि हे मला त्या संध्याकाळी माहीत होतं. दुसरं वाक्य: तरी मी खोटं सांगितलं, कारण मला तुमच्याकडून एक पत्र हवं होतं. शेवटी चालीचं खरं नाव. ते लिहिताना डावा हात कानाकडे गेला, तो जाऊ दिला. आणि सगळीकडे "आपण" वापरलं, "तू" एकदाही नाही.

सोमवारी पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईला सांगितलं, आइनश्राइबन, सही घेऊन हातात द्यायचं. तिने पाकीट फिरवून पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, पाठवणाऱ्याचा पत्ताही तोच आहे.

मी म्हटलं, हो. फक्त वरचा मजला.